विडी ओढली बाबांनी, ओढवलं कुणी?

आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा सांगते, चुकत असेन तर लगेच सांगा. वडील ६३ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सोळाव्या वर्षी विडीला हात लावला, नोकरीत सिगारेट आली, निवृत्तीनंतर पुन्हा विडी. दोन महिन्यांपासून खोकला आहे, वजन उतरलंय, छातीच्या फोटोत उजव्या बाजूला डाग दिसतोय. डॉक्टरांनी सीटी स्कॅन आणि बायोप्सी सांगितली आहे. धाकटा भाऊ म्हणतो, ‘स्वतःच ओढवून घेतलंय त्यांनी.’ तुमचं म्हणणं, दोष विष विकणाऱ्या कंपन्यांचा आहे, आणि त्यांच्यावर दावा लावता येईल का असं तुम्ही विचारलंय. मग अगदी शेवटी, जाता जाता लिहावी तशी एक ओळ आहे: ‘बाबा म्हणतात, तपासण्या नकोत, माझ्या कर्माची फळं आहेत, माझ्यावर पैसा घालवू नका.’

ही शेवटची ओळ वाचून मी लिहायला बसले. मी सोलापुरात २६ वर्षं छातीच्या आजारांवर उपचार करते आहे आणि असं म्हणणारे पुष्कळ वडील मी पाहिले आहेत. दोष कुणाचा या वादात तुम्ही दोघं भावंडं समोरासमोर उभी आहात. तिकडे वडिलांनी निकाल देऊनही टाकला आणि शिक्षाही ठरवून घेतली. म्हणून आधी त्या निकालाबद्दल बोलू, कंपन्यांकडे नंतर येऊ.

फोटोतला डाग म्हणजे कॅन्सर, हे कुणी ठरवलं? मी रिपोर्ट पाहिलेले नाहीत, त्यामुळे ठाम काही सांगणार नाही. पण आपल्याकडे ६३ वर्षांच्या, विडी ओढणाऱ्या, वजन उतरलेल्या माणसाच्या फोटोत डाग दिसला तर टीबीचा विचारही तितकाच करावा लागतो. जुन्या न्यूमोनियाचा व्रण असू शकतो, साधी गाठ असू शकते, आणि हो, कॅन्सरही असू शकतो. नुसत्या फोटोवरून टीबीची औषधं सुरू झाली, पाच-सहा महिने गेले आणि मग कॅन्सर निघाला, असे रुग्ण माझ्याकडे आलेत. घरच्यांनी कॅन्सर धरून आशा सोडली आणि थुंकीत टीबी निघाला, तो माणूस सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होऊन शेतात गेला, असेही आलेत. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. तुमच्या घरी गुन्हेगार ठरला आहे, गुन्हा कुठला ते अजून कुणी पाहिलेलं नाही.

आता भावाचं म्हणणं. त्याला दुष्ट समजू नका. असं बोलणारा मुलगा बहुतेक वेळा घाबरलेला असतो. लहानपणी हातात सुटे पैसे देऊन त्यालाच टपरीवर विडीबंडल आणायला पाठवलेलं असतं, तो रागही त्यात असतो. पण त्याला एक सांगा: ‘त्यांना कळत होतं, तरी ओढली, मग जबाबदार तेच’ हे वाक्य त्याचं स्वतःचं नाही. सिगारेट कंपन्यांच्या वकिलांनी ते कोर्टात वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत केलेलं आहे.

अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये रोझ सिपोलोन नावाची बाई होती. १९४२ साली, सोळाव्या वर्षी तिने सिगारेट सुरू केली. म्हणजे तुमच्या वडिलांच्याच वयात. पुढे फुप्फुसाचा कॅन्सर झाला, तिने कंपन्यांवर दावा लावला आणि निकाल लागायच्या आत, १९८४ मध्ये ती गेली. दावा नवऱ्याने पुढे चालवला. कंपन्यांचा बचाव असा की बाई हुशार होती, वाचणारी होती, धोका ठाऊक असून स्वतःच्या मर्जीने ओढत होती. १९८८ मध्ये ज्युरीने दोषाची चक्क टक्केवारी काढली. ८० टक्के दोष बाईचा, २० टक्के कंपनीचा. नवऱ्याला चार लाख डॉलर द्यायचे ठरले. सिगारेट कंपनीने भरपाई द्यावी असं ज्युरीने म्हणण्याची ती पहिलीच वेळ. पण अपिलात तो निकाल टिकला नाही आणि १९९२ मध्ये थकलेल्या कुटुंबाने दावा मागे घेतला.

याच्यासमोर दुसरा निकाल ठेवते. २०१५ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमध्ये न्यायमूर्ती ब्रायन रिऑर्डन यांनी आजारी पडलेल्या धूम्रपान करणाऱ्यांच्या सामूहिक दाव्यात निकाल दिला. त्यातही दोषाची वाटणी आहे, फक्त पारडं उलटं झालंय. धोका लोकांना बऱ्यापैकी कळू लागल्यानंतर, म्हणजे १९७६ पासून पुढे ज्यांनी सिगारेट सुरू केली, त्यांच्या भरपाईतून २० टक्के वजा. उरलेले ८० टक्के कंपन्यांच्या माथी. त्याआधी सुरू केलेल्यांच्या भरपाईतून काहीच वजा नाही. २०१९ मध्ये वरच्या कोर्टानेही हा निकाल उचलून धरला.

ऐंशी-वीसचं वीस-ऐंशी झालं. या मधल्या २७ वर्षांत माणसाचं फुप्फुस बदललं नाही, निकोटिनही बदललं नाही. बदल एवढाच की कंपन्यांच्या कपाटातले कागद बाहेर आले. १९५० मध्ये इंग्लंडात डॉल आणि हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवला होता, अमेरिकेतही त्याच वर्षी तसाच अभ्यास छापून आला. जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकी कंपन्यांनी चारशेहून जास्त वर्तमानपत्रांत मोठी जाहिरात दिली: लोकांचं आरोग्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचं आहे, पण अजून काही सिद्ध झालेलं नाही. १९६३ मध्ये एका कंपनीचा वकील आतल्या टिपणात लिहून गेला की निकोटिनचं व्यसन लागतं आणि आपला धंदा हे व्यसन लावणारं द्रव्य विकण्याचा आहे. १९६९ च्या एका टिपणात तर ‘शंका हाच आमचा माल’ असं सरळ लिहिलेलं आहे. तरी १९९४ मध्ये सात कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथ घेऊन एकापाठोपाठ एक सांगत होते की आमच्या मते निकोटिनचं व्यसन लागत नाही. शेवटी २००६ मध्ये न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी सविस्तर निकालपत्र लिहून म्हटलं की या कंपन्यांनी कैक दशकं संगनमताने लोकांना फसवलं.

‘त्याला कळत होतं’ हे म्हणायचं तर समोरच्याने त्याला कळू दिलं होतं का, हेही विचारावं लागतं. माझं मत असं: दोषाची टक्केवारी काढायचीच झाली तर ती या प्रश्नावर काढावी.

आता तुमच्या वडिलांकडे येते. सोळावं वर्ष म्हणजे साधारण १९७८ साल. आपल्याकडे सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा १९७५ च्या कायद्याने आला. बारीक अक्षरात एक ओळ, तीही इंग्रजीत. आणि तो कायदा फक्त सिगारेटचा होता. विडी त्यात नव्हतीच. तुमचे वडील ओढत होते विडी. विडीवर कायद्याने इशारा यायला २००३ चा कायदा यावा लागला, आणि चित्र छापलेला इशारा आला ३१ मे २००९ पासून. तोवर ते ४७ वर्षांचे झाले असतील आणि विडीला एकतीस वर्षं झाली असतील. चित्राचा इशारा पाकिटाच्या ८५ टक्के भागावर आला तो एप्रिल २०१६ मध्ये. नोकरीत ते सिगारेट पाकिटाने घेत होते की सुटी? स्टँडवरच्या टपरीवर एक-एक घेणाऱ्याला पाकीट दिसतच नाही. टपरीवाला डब्यातून काढून देतो, माणूस लटकत्या सुतळीवर पेटवतो आणि गाडी सुटायच्या आत संपवतो. सुटी विडी-सिगारेट विकायला महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. मी रोज दवाखान्यात जाता-येता ती बंदी बघते. सुतळी अजून लटकलेली आहे.

आणि सुरुवात कशी झाली असेल, तेही विचारा एकदा. रुग्णांना मी हे नेहमी विचारते आणि उत्तर इतक्या वेळा सारखंच येतं की हल्ली वाक्य मीच पुरं करते. आजोबा किंवा चुलते सांगायचे, ‘चुलीवरनं विडी पेटवून आण रे.’ परसातल्या चुलीपासून ओसरीपर्यंत येताना ती विझायची, मग विझू नये म्हणून येता येता दोन झुरके. विडी विझतेच, तिचा गुणच तो. टेंभुर्णीच्या पानातून हवा नीट जात नाही, म्हणून ती पेटती ठेवायला सिगारेटपेक्षा जोरात आणि जास्त वेळा ओढावं लागतं. ‘विडी बरी, पानाची असते, त्यात केमिकल नसतं’ असं अजूनही लोक मला सांगतात. त्या जोराच्या झुरक्याने निकोटिन आणि डांबर सिगारेटपेक्षा जास्तच आत जातं. तर त्या पोराने काय निवडलं होतं? घरातल्या थोरल्याने सांगितलेलं काम केलं.

पण मी सोलापूरची आहे. त्यामुळे ‘कंपनी’ हा शब्द मला अमेरिकेइतका सोपा वाटत नाही.

माझ्या ओपीडीत सकाळी ज्या बायका येतात त्यातल्या निम्म्या विड्या वळणाऱ्या असतात. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू आणि सूत. हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी. कारखान्यात माल द्यायला जायचं, तिथे काही विड्या छाटात जाणार, त्यांचे पैसे कापले जाणार. घरात भर तंबाखूची पूड, त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत बाळ. यांना खोकला येतो, दम लागतो, आणि यातल्या कित्येकींनी आयुष्यात एक झुरका मारलेला नसतो. कुंभारीला या बायकांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे, कामगारांनी संघर्ष करून मिळवलेली. एकदा एका बाईंचा नवरा दम्यासारख्या आजाराने (आम्ही त्याला सीओपीडी म्हणतो, धुराने फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या आकसतात) दाखल होता. मी बोलता बोलता म्हणाले, ही विडीच बंद व्हायला पाहिजे. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘बंद करा मॅडम. पण आधी आमच्या चुलीत काय जाळायचं ते सांगा.’ माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आजही जे आहे ते पुरं नाही.

आणि खरं सांगायचं तर विडीच्या धंद्याकडे अमेरिकी कंपन्यांसारख्या प्रयोगशाळा नव्हत्या. व्यापारी, ठेकेदार, गावोगावचे ब्रँड असा तो पसरलेला धंदा. त्यांनी निकोटिनवर गुप्त संशोधन करून लपवलं असं मी म्हणणार नाही. पण ‘शंका हाच माल’ इथेही विकला गेला. २०१५ मध्ये मोठे चित्र-इशारे एप्रिलपासून लागू होणार होते. त्या वेळी संसदेच्या समितीचे अध्यक्ष, आपल्या नगरचे तत्कालीन खासदार दिलीप गांधी म्हणाले की तंबाखूने कॅन्सर होतो हे दाखवणारा भारतातला अभ्यास नाही. समितीचे एक सदस्य श्यामाचरण गुप्ता स्वतः विडीच्या व्यवसायातले होते. इशारे तेव्हा लांबले आणि पुढच्या वर्षी आले.

त्या दिवशी मी चिडले होते, अजूनही ते आठवलं की चिडते. कारण मुंबईत परळला बसून संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू ओढणं-खाणं आणि तोंडा-घशाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवणारा अभ्यास १९५५ मध्ये छापला होता. भारतातला अभ्यास, मराठी मुलखातला अभ्यास, साठ वर्षं जुना. आणि २००८ मध्ये देशभरातल्या मृत्यूंवरचा मोठा अभ्यास आला, त्यात विडी ओढणाऱ्या पुरुषाचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्याचं दहा वर्षांनी कमी होतं असं दिसलं. अभ्यास होते. ते तुमच्या वडिलांच्या एसटीपर्यंत पोचले नाहीत, आणि पोचू नयेत यात कुणाचं तरी भलं होतं.

सरकारबद्दल एवढंच म्हणते की एका हाताने इशारा छापायचा आणि दुसऱ्या हाताने एलआयसीमार्फत सिगारेट कंपनीचे शेअर सांभाळायचे, हे मला पटत नाही. यावर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली होती.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, डॉक्टर माझ्या बाजूने बोलताहेत. थोडं थांबा.

हेच सगळं मी माझ्या खुर्चीत बसून रुग्णाला सांगत नाही. एकदा सांगितलं होतं. साखर कारखान्यातला एक फिटर, पंचेचाळिशीचा, हुशार माणूस. निकोटिन मेंदूत काही सेकंदांत कसं पोचतं, मेंदू त्याची मागणी कशी करायला लागतो, कंपन्यांनी काय काय केलं, सगळं मी उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, ‘म्हणजे माझ्या हातात काही नव्हतंच.’ मी म्हणाले, बरोबर. तो उठला, हलका होऊन गेला, आणि बाहेर जाऊन त्याने सिगारेट पेटवली. त्याला मी दोषातून मोकळं केलं आणि त्याच दमात त्याच्या हातातलं सुकाणूही काढून घेतलं. चूक माझी होती.

याच्या उलट चूक मी त्याआधी दहा वर्षं करत होते. तुमच्या भावासारखी बोलायचे. ‘तुम्हाला मुलंबाळं आहेत की नाहीत? लाज वाटत नाही?’ मला वाटायचं हा आपला धाक आहे. एक रिक्षावाले काका प्रत्येक वेळी सांगायचे, सोडली मॅडम, आणि खिशातल्या काडेपेटीचा आवाज मला ऐकू यायचा. मग ते यायचेच थांबले. दोन वर्षांनी त्यांच्या मुलाने आणलं तेव्हा ऑक्सिजन लावूनच आणलं. मध्ये का आला नाहीत, विचारलं. म्हणाले, ‘सुटली नव्हती, तोंड कसं दाखवू?’ औषध होतं, तपासणी होती, दवाखाना घरापासून दोन किलोमीटरवर होता. मध्ये फक्त लाज होती, आणि ती मी घातलेली होती.

तुमचे वडील आज त्याच जागी उभे आहेत. म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकले. मागच्या ४७ वर्षांचा हिशेब कोर्टात, संसदेत, वर्तमानपत्रात मांडायचा. तिथे मी कंपन्यांच्या, धंद्याच्या आणि सरकारच्या विरोधात बोलते, आणि बोलत राहीन. रुग्णासमोर मात्र मी फक्त पुढच्या विडीबद्दल बोलते. ती त्याच्या हातात असते, पूर्णपणे नाही, पण बरीचशी.

‘बरीचशी’ का म्हणते तेही सांगते. मी पहिला प्रश्न विचारते, सकाळी उठल्यावर पहिली विडी किती वेळात? ‘संडासला जाताना, ती ओढल्याशिवाय होतच नाही’ असं उत्तर आलं, म्हणजे पाच-दहा मिनिटांतच, तर निकोटिनची पकड घट्ट आहे असं समजते. अशा माणसाला ‘मनावर घ्या’ म्हणून सोडून दिलं तर नुसत्या इच्छाशक्तीवर शंभरातले तीन-पाच जणच वर्षभर टिकतात. बाकीचे पंचाण्णव नालायक असतात का? निकोटिनचे गम, पट्ट्या, गरज पडली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घेतल्या की टिकणाऱ्यांचं प्रमाण चांगलं वाढतं. गम चॉकलेटसारखं चघळत राहायचं नसतं. थोडं चावायचं, चुरचुरायला लागलं की गालात ठेवायचं, नाहीतर उचकी लागते आणि माणूस म्हणतो, हे काही आपल्याला झेपत नाही. पहिले तीन दिवस सर्वांत वाईट. चिडचिड, झोप नाही, बद्धकोष्ठ. घरच्यांनी त्या तीन दिवसांत भांडण काढू नये, एवढी तरी जबाबदारी घ्यावी. पाकिटावर छापलेला १८००-११२-३५६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे बोलता येतं.

‘आता ६३ व्या वर्षी सोडून काय उपयोग?’ असं ते म्हणतीलच. वर ज्या डॉल यांचं नाव आलं, त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या सवयींवर पन्नास वर्षं लक्ष ठेवलं आणि २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यालाही सरासरी तीन वर्षं आयुष्य परत मिळतं, पन्नासाव्या वर्षी सोडली तर सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ. आणि समजा बायोप्सीत कॅन्सर निघालाच, तरी सोडण्याचा उपयोग संपत नाही. ऑपरेशनची जखम लवकर भरते, भुलीचा धोका कमी होतो, किरणोपचार चांगले लागू पडतात. टीबी निघाला तरी तेच. टीबीचा जो रुग्ण ओढत राहतो, तो दगावण्याची भीती जास्त असते. म्हणजे रिपोर्ट काहीही येवो, विडीबद्दलचा सल्ला एकच.

दाव्याबद्दल थोडक्यात, कारण मी वकील नाही. अमेरिकेत अशा खटल्यांत वकील जिंकल्यावरच्या रकमेतून फी घेतात, त्यामुळे गरीब माणूसही कंपनीशी लढू शकतो. आपल्याकडे वकिलांना तसं करायला मनाई आहे. आपला २००३ चा कायदाही विक्री, जाहिरात, इशारे यांबद्दल शिक्षा सांगतो, आजारी पडलेल्याला भरपाई देत नाही. त्यात तुमच्या वडिलांनी ४७ वर्षांत किती ब्रँडच्या विड्या आणि सिगारेटी ओढल्या असतील, प्रतिवादी कुणाला करणार? आपल्याकडे जे मिळालं ते जनहित याचिकांतून. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चाप लावला तो मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर. तुमचा संताप खरा आहे, तो टिकवा. गावातल्या शाळेपासून शंभर यार्डांच्या आत टपरी असेल तर ती कायद्याविरुद्ध आहे, तिथून सुरुवात करता येईल. पण या महिन्यात नको. या महिन्यात तुमचं काम दवाखान्यात आहे.

पैशाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात, कागदपत्रांचं रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. तिथे कुणी ‘विडी ओढत होता का, मग नाही’ असं म्हणत नाही. मात्र खासगी आरोग्य विमा असेल तर अर्जात तंबाखूच्या रकान्यात काय लिहिलं होतं ते आधी बघा. लाजेपोटी ‘नाही’ लिहिलेलं असतं आणि नेमका तिथेच दावा अडतो.

हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही मान्य करते. वडिलांना हृदयविकार असेल, फुप्फुसाची ताकद फार कमी असेल, तर बायोप्सी कशी करायची किंवा करायची की नाही हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावं. सगळं नीट समजून घेऊन, विचार करून माणूस ‘नको’ म्हणाला तर ते ऐकावं लागतं, आणि मी ऐकलेलं आहे. पण ‘माझी लायकी नाही म्हणून नको’ हा विचार नव्हे. त्या दोन नकारांतला फरक तुम्हाला त्यांच्या आवाजात कळेल.

तर त्यांच्याशी काय बोलायचं? कंपनीचं भाषण देऊ नका, ते म्हणतील पोरगी माझी समजूत घालतेय. भावाला ‘चूक कुणाची का असेना, तपासणीला तूच घेऊन जा’ एवढंच सांगा. मुलाने मोटरसायकल काढली की बाप बसतो, हे मी पाहिलंय. वडिलांना विचारा की पहिली विडी कुणी दिली होती. सांगू द्या, मध्ये बोलू नका. चूल, आजोबा, डेपो, रात्रपाळी, सगळं येईल. मग म्हणा, ‘बाबा, उद्या थुंकी तपासायची आहे, सकाळी चूळ भरून, खोकून दिलेली हवी.’ कर्माच्या फळांपेक्षा थुंकीच्या डबीवर बोलणं सोपं असतं.

आणि एक. एसटीत नोकरीला लागताना किंवा मध्ये कधी वैद्यकीय तपासणीत छातीचा फोटो काढला असेल, ट्रंकेत, माळ्यावर, गादीखाली कुठेतरी असेल. तो शोधा आणि नव्या फोटोबरोबर घेऊन जा. डाग तेव्हाही असाच होता की आता आलाय, हे डॉक्टरांना त्यावरून पटकन कळतं.